चार सर्च इंजिनांना विचारलं, पण उत्तरं नेमकी किती मिळाली?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांच्या पतींना काही महिन्यांपूर्वी मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार असल्याचं निदान झालं. रिपोर्टमधला प्रत्येक अनोळखी शब्द त्या फोनवर शोधतात, वाचतात, समजून घेतात. ही गोष्ट सासूबाईंना अजून सांगितलेली नाही. पण घरात सगळेच वापरतात त्या टॅबवर याच विकारावरच्या उपचारांच्या जाहिराती दिसू लागल्या आणि सासूबाईंनी विचारलं, "हे कोणासाठी?" तेव्हापासून या भगिनींना काही शोधायचीच धास्ती वाटते. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने त्यांच्या फोनवर गूगलच्या जागी डकडकगो हे दुसरं सर्च इंजिन लावून दिलं. पतींचं म्हणणं असं, की सगळं जग गूगल वापरतं ते उगाच नाही. शेवटी यांनी स्वतःच परीक्षा घेतली. एकच प्रश्न गूगल, बिंग, याहू आणि डकडकगो या चौघांना विचारला. शेवटच्या तिघांचे निकाल जवळपास सारखे आले, गूगलचे वेगळे. त्या विचारतात, "तीन विरुद्ध एक, म्हणजे गूगल चुकतंय का? माझ्या फोनवर कोणतं ठेवू? कृपा करून एकच नाव सांगा."

ताई,

मिळालेलं उत्तर दुसरीकडे ताडून पाहावं असं तुम्हाला वाटलं, ही सवय मोलाची आहे. ती सोडू नका. पण तुमच्या परीक्षेचा निकाल लावण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. तुम्ही चौघांना विचारलं असं तुम्हाला वाटतंय. प्रत्यक्षात, बहुतांशी, दोघांनाच विचारलं.

आपण प्रश्न टाइप केल्यावर सर्च इंजिन त्या क्षणी इंटरनेटभर शोधत हिंडत नाही. त्याचे क्रॉलर नावाचे प्रोग्रॅम आधीपासूनच रात्रंदिवस पानं वाचत असतात. एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. वाचलेल्या पानांची एक अवाढव्य सूची तयार होते. जाड पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे हे सांगणारी यादी असते, तशीच ही. तिला इंडेक्स म्हणतात. आपला प्रश्न या सूचीला विचारला जातो. ज्या पानापर्यंत क्रॉलर पोहोचला नाही, किंवा जे पान सूचीत घेतलं गेलं नाही, ते कितीही चांगलं असलं तरी आपल्याला दिसत नाही.

अशी सूची बनवणं आणि रोज ताजी ठेवणं अतिशय खर्चिक आहे. म्हणून सर्च इंजिनं पुष्कळ असली तरी स्वतःची मोठी सूची बाळगणारी मोजकीच आहेत. गूगलची आहे. मायक्रोसॉफ्टच्या बिंगची आहे. रशियाच्या यांडेक्सची आणि चीनच्या बायडूची आहे. याहूने 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार केला आणि त्यानंतर त्याचे निकाल मुख्यतः बिंगकडून येऊ लागले. 2008 मध्ये सुरू झालेल्या डकडकगोचा स्वतःचा क्रॉलर आहे आणि झटपट उत्तरांसाठी ते इतर अनेक ठिकाणांहून माहिती घेतं, पण लिंकांची मुख्य यादी बव्हंशी बिंगचीच असते. 23 मे 2024 रोजी बिंगमध्ये बिघाड झाला, तेव्हा डकडकगो आणि इकोशिया नावाचं आणखी एक सर्च इंजिन यांचाही शोध काही तास बंद पडला होता. एरवी न दिसणारं हे नातं त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

तेव्हा तुमच्या परीक्षेत तीन विरुद्ध एक असा कौल लागलेलाच नाही. एकाच सूचीतून आलेली यादी तुम्ही तीन वेगवेगळ्या पानांवर वाचलीत. त्यावरून गूगल चुकतंय असं म्हणता येत नाही आणि बिंग बरोबर आहे असंही म्हणता येत नाही.

खरोखर ताडून पाहायचं असेल तर सूची वेगळ्या हव्यात. गूगल आणि बिंग ही एक जोडी झाली. तिसरं मत हवं असेल तर ब्रेव्ह सर्च पाहा. ते 2021 मध्ये सुरू झालं, सुरुवातीला काही निकालांसाठी बिंगची मदत घ्यायचं, 2023 पासून स्वतःच्याच सूचीवर चालतं. मोजीक नावाचं एक छोटं ब्रिटिश सर्च इंजिनही स्वतःची सूची चालवतं; त्याची झेप लहान आहे, पण निकाल खरोखर निराळे येतात. याउलट नेदरलँड्सचं स्टार्टपेज तुम्हाला प्रामुख्याने गूगलचेच निकाल दाखवतं, फक्त तुम्ही कोण आहात हे गूगलला कळू न देता. म्हणून गूगल आणि स्टार्टपेज सारखंच बोलले तर त्यात दुजोरा काही नाही. बर्लिनचं इकोशिया, जे आपल्या उत्पन्नातून झाडं लावण्यासाठी ओळखलं जातं, आणि फ्रान्सचं क्वांट ही दोन्ही वर्षानुवर्षं बिंगवर विसंबून होती. युरोपची स्वतःची सूची एकत्र उभी करण्याचं त्यांनी 2024 मध्ये जाहीर केलं.

आता याच्याही पुढचं. दोन वेगळ्या सूचींनी एकच उत्तर दिलं तरी ते खरं ठरतंच असं नाही. आरोग्याच्या विषयावर तर एका लेखातलं वाक्य उचलून दुसरा, दुसऱ्याचं उचलून तिसरा असं सर्रास चालतं. दहा पानांवर एकच वाक्य दिसतं आणि आपल्याला वाटतं दहा जण सांगताहेत. म्हणून सर्च इंजिनं मोजण्यापेक्षा त्या पानांनी माहिती कुठून घेतली हे पाहा. पानावर लिहिणाऱ्याचं नाव आहे का, तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव आहे का, शेवटचा बदल कधी झाला, आणि त्या पानाला तुम्हाला काही विकायचं आहे का? या प्रश्नांवर पहिल्या दहातली निम्मी पानं गळून पडतील.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली जाणवली, ती बहुतेक सगळ्यांचीच असते. जे वर, ते खरं. सर्च इंजिन खऱ्याखोट्याचा निवाडा करत नाही. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना जी पद्धत काढली, तिचा गाभा असा होता की ज्या पानाकडे इतर पानं लिंक देतात त्याचं वजन जास्त, आणि लिंक देणारं पान स्वतः वजनदार असेल तर आणखी जास्त. त्याआधीची अनेक सर्च इंजिनं पानावर शब्द किती वेळा आला यावर फार भिस्त ठेवायची, त्यामुळे ही कल्पना खूप पुढची होती. आज क्रम ठरवताना शेकडो गोष्टी पाहिल्या जातात, पण त्या सगळ्या मिळूनही 'हे पान तुमच्या प्रश्नाला जुळतं आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह दिसतं' एवढंच सांगतात.

त्याच दोघांनी 1998 च्या आपल्या शोधनिबंधात लिहून ठेवलं होतं, की जाहिरातींवर चालणारी सर्च इंजिनं स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील आणि वापरणाऱ्यांच्या गरजेपासून दूर जातील. पुढे 2000 मध्ये गूगलनेच शोधाच्या शब्दांवर जाहिराती विकायला सुरुवात केली आणि आज बिंग, याहू, डकडकगो ही सगळी जाहिरातींवरच चालतात. मला त्या इशाऱ्याचं महत्त्व आजही तितकंच वाटतं. यादीत सगळ्यात वर 'प्रायोजित' किंवा 'जाहिरात' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आजारपणात घाईने वाचताना ते नजरेतून सुटतं. आजाराविषयी शोधताना त्या ओळी सरळ ओलांडून खाली जायची सवय लावा.

तुमच्या पतींच्या म्हणण्याकडेही मी गंभीरपणे पाहते, कारण त्यात तथ्य आहे. जगातले दहापैकी साधारण नऊ शोध गूगलवर होतात. यातला एक भाग सवयीचा आणि सोयीचा आहे. फोन उघडला की गूगल आधीच लावलेलं असतं, आणि ते तसं असावं म्हणून गूगलने फोन बनवणाऱ्यांना आणि ब्राउझरवाल्यांना 2021 या एका वर्षात 26.3 अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेच्या सरकारने गूगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात उघड झालं. त्याच खटल्यात 5 ऑगस्ट 2024 रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने आपली मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवली असा निर्णय दिला. पण त्याच निकालपत्रात त्यांनी हेही नोंदवलं, की गूगल योगायोगाने पुढे गेलेलं नाही आणि त्याच्या शोधाचा दर्जा या व्यवसायात सर्वांत वरचा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. 'सगळे वापरतात' हा पुरावा कच्चा आहे, पण गूगल चांगलं आहे हा निष्कर्ष बऱ्याच बाबतीत टिकतो.

कोणत्या बाबतीत? जिथे प्रश्न विरळा असतो तिथे. गूगलच्याच सांगण्याप्रमाणे रोज येणाऱ्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के त्याने आधी कधीच पाहिलेले नसतात. अशा प्रश्नांना पान शोधून द्यायचं तर सूची प्रचंड लागते, आणि लोक कशावर क्लिक करून थांबले, कुठून लगेच परत फिरले याचा अनुभवही गाठीशी लागतो. तो गूगलकडे इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे. मराठीतल्या शोधालाही हेच लागू पडतं. इंग्रजीत विचारलं तर बिंग आणि गूगल यांच्यात रोजच्या प्रश्नांना फारसा फरक जाणवणार नाही. मराठीत विचारलं की लहान सूचींची मर्यादा लवकर दिसते. मराठीत शोधताना शब्द बदलून पाहा. 'मूत्रपिंड' लिहिलेल्या पानांवर 'किडनी' नसेल, 'किडनी'च्या पानांवर 'मूत्रपिंड' नसेल. दोन्ही शब्दांनी दोनदा शोधणं हे सर्च इंजिन बदलण्यापेक्षा पुष्कळदा जास्त उपयोगी ठरतं.

आरोग्याच्या बाबतीत गूगलची आणखी एक जमेची बाजू आहे. आपले निकाल कसे येतात हे तपासायला ते माणसं नेमतं, आणि त्यांच्यासाठीची मार्गदर्शक पुस्तिका सगळ्यांना वाचायला खुली आहे. आरोग्य, पैसा, सुरक्षितता अशा विषयांवरच्या पानांना त्यात जास्त कडक कसोटी लावायला सांगितलं आहे. या माणसांच्या गुणांनी एखादं पान थेट वर किंवा खाली जात नाही, पण पद्धत सुधारायला ते वापरले जातात.

आणि तरीही मे 2024 मध्ये, गूगलने अमेरिकेत निकालांच्या वर एआयने लिहिलेला सारांश दाखवायला सुरुवात केली तेव्हा, एका विडंबनात्मक लेखावर विसंबून त्याने रोज एक छोटा दगड खावा असा सल्ला दिला होता. ती चूक नंतर दुरुस्त झाली. पण असे सारांश आता बिंगवर, ब्रेव्हवर, डकडकगोवरही येतात, आणि आजाराबद्दल वाचताना माझं म्हणणं ठाम आहे: त्या चौकटीतल्या वाक्यावर थांबू नका. सारांशाला जोडलेली लिंक उघडा आणि ते वाक्य मूळ पानावर तशाच अर्थाने आहे का ते पाहा. गूगलवर निकालांच्या वरच्या पट्टीत 'वेब' असा पर्याय असतो. तो निवडला की नुसत्या लिंका उरतात. डकडकगोच्या सेटिंगमध्ये एआय उत्तरं पूर्ण बंद करता येतात.

आता तुमच्या लेकीने केलेल्या बदलाकडे येऊ, कारण तुमची खरी धास्ती तिथे आहे.

डकडकगो तुमचा शोधांचा इतिहास तुमच्या नावावर साठवत नाही. तिथे जाहिराती दिसतात त्या त्या क्षणी तुम्ही काय शोधलं त्यावरून. तुम्ही गेल्या आठवड्यात काय शोधलं यावरून नव्हे. हा फरक खरा आहे आणि मुलीचं पाऊल योग्य आहे. पण सर्च इंजिन फक्त दारापर्यंत सोबत करतं. तुम्ही एखाद्या लिंकवर क्लिक करून रुग्णालयाच्या, औषधविक्रीच्या किंवा आरोग्यविषयक लेखांच्या साइटवर गेलात की तिथल्या कुकीज (तुमची ओळख लक्षात ठेवण्यासाठी साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) आणि ट्रॅकर (तुम्ही काय पाहता याचा माग ठेवणारे प्रोग्रॅम) सुरू होतात. तुम्ही कुठून आलात याने त्यांना काही फरक पडत नाही. डकडकगोबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवते. 2022 मध्ये एका संशोधकाने दाखवून दिलं, की त्यांच्या ब्राउझरमध्ये इतर कंपन्यांचे ट्रॅकर अडवले जायचे, पण करारामुळे मायक्रोसॉफ्टचे काही सुटायचे. टीका झाल्यावर त्याच वर्षी कंपनीने ते बदललं. सांगायचा मुद्दा हा, की खासगीपणाचं नाव घेणाऱ्यांनाही अधूनमधून तपासावं लागतं.

मग जाहिराती फोनवरून टॅबवर गेल्या कशा? याच्या वाटा ठरलेल्या आहेत. फोन आणि टॅब दोन्हींवर एकच अकाउंट लॉग इन असेल तर एका ठिकाणचा शोध दुसऱ्या ठिकाणच्या जाहिरातींपर्यंत पोहोचतो. किंवा तुम्ही भेट दिलेल्या साइटवरच्या जाहिरात कंपनीने दोन्ही उपकरणं एकाच घरच्या इंटरनेट जोडणीवरची म्हणून जोडली. किंवा कोणीतरी टॅबवरच काही शोधलं. पहिली शक्यता तपासायला सर्वांत सोपी आहे, म्हणून सुरुवात तिथून करा. टॅबवर कोणाचं अकाउंट आहे ते पाहा. तुमचं असेल तर ते काढून टॅबसाठी स्वतंत्र अकाउंट करा. गूगल अकाउंट असेल तर त्यातला 'वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी' हा भाग उघडा, आजाराबद्दलचे जुने शोध पुसा आणि आपोआप पुसण्याचा कालावधी सर्वांत कमी म्हणजे 3 महिने ठेवा, नाहीतर ती नोंद पूर्णच बंद करा. जाहिरातींचं वैयक्तिकीकरण बंद करण्याचा पर्यायही अकाउंटमध्येच असतो. शेवटी टॅबच्या ब्राउझरमधल्या कुकीज पुसा. सर्च इंजिन बदलण्यापेक्षा या चार कामांचा तुमच्या घरात जास्त उपयोग होईल.

खासगी विंडो, म्हणजे इन्कॉग्निटो, वापरली की सगळं लपतं असंही पुष्कळांना वाटतं. त्या विंडोचं काम तेवढ्या उपकरणावर इतिहास न ठेवण्याचं आहे. साइटना आणि त्यांच्यावरच्या ट्रॅकरना तुमची भेट दिसतेच. यावरून गूगलवर अमेरिकेत 2020 मध्ये दावा दाखल झाला होता आणि 2024 च्या तडजोडीत अशा विंडोतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गूगलने मान्य केलं. टॅब सगळ्यांच्या हातात असताना खासगी विंडोचा उपयोग आहे, कारण पुढच्याला तुमचे जुने शोध दिसत नाहीत. त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

"आमच्यासारख्यांच्या शोधात कोणाला काय रस?" असं विचारणाऱ्या वाचकांसाठी एक जुनी घटना. 2006 मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले शोध जाहीर केले. नावं काढून त्यांच्या जागी आकडे घातले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी त्यातल्या एका आकड्यामागचे शोध नुसते वाचून ती व्यक्ती कोण हे शोधून काढलं आणि तिच्या घरी जाऊन तिला भेटले. आजार, गाव, आडनाव, घरगुती अडचणी: वेगवेगळे पाहिले तर काहीच नाहीत, एकत्र वाचले तर पूर्ण माणूस उभा राहतो. म्हणून शोधपट्टीत पतींचं नाव, रिपोर्टचा क्रमांक, रुग्णालयाचं नाव असं काही आजाराच्या शब्दांबरोबर लिहू नका. कोणतंही सर्च इंजिन असो.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. तुम्ही चौघांना विचारलेला प्रश्न पत्रात लिहिला आहे: "क्रिएटिनिन वाढलं तर डायलिसिस लागतंच का?" (क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ.) ताई, या प्रश्नात भीती आधीच बसलेली आहे. सर्च इंजिन तुमचे शब्द घेऊन तेच शब्द असलेली पानं शोधतं. 'डायलिसिस' लिहिलं की डायलिसिसची पानं येणार, आणि ज्या लोकांना ते लागलं त्यांचे अनुभव वर येणार. ज्यांना लागलं नाही ते सहसा त्याबद्दल लिहीत नाहीत. त्याच प्रश्नाऐवजी 'क्रिएटिनिन वाढण्याची कारणं' शोधलं असतं तर वेगळीच यादी आली असती. 'दीर्घकालीन मूत्रपिंड विकार टप्पे' शोधलं असतं तर कळलं असतं, की मूत्रपिंडं रक्त किती गाळतात याचा अंदाज देणाऱ्या ईजीएफआर या आकड्यावरून या विकाराचे पाच टप्पे मानतात आणि तिसऱ्याचे पुन्हा दोन भाग करतात. तुमच्या रिपोर्टमध्ये तो आकडा बहुधा क्रिएटिनिनच्या जवळच छापलेला असेल. तो कोणत्या टप्प्यात येतो हे समजल्यावर शोध नेमका होतो आणि पुढच्या टप्प्यांची भीतीदायक पानं आजच वाचावी लागत नाहीत.

म्हणून आजाराबद्दल शोधताना वाक्य असं घडवा की त्यात उत्तर आधीच दडलेलं नसावं. 'अमुक औषध घातक आहे का' ऐवजी त्या औषधाचं नाव आणि 'दुष्परिणाम'. 'अमुक उपचाराने बरं होतं का' ऐवजी उपचाराचं नाव आणि 'पुरावा'. आणि एकदा उलट बाजूनेही शोधा: उपचार चांगला आहे असं वाचलं असेल तर त्याच नावापुढे 'मर्यादा' लिहून पाहा. एखादा शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. नको असलेल्या शब्दाच्या आधी, जागा न सोडता, वजाचं चिन्ह द्या. या दोन खुणा गूगल, बिंग आणि डकडकगो तिघांवरही चालतात.

काही वेळा तर शोधायचंच नाही, सरळ त्या साइटवर जायचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची मेडलाइनप्लस ही साइट सामान्य वाचकांसाठी आहे, मोफत आहे आणि तिच्यावर जाहिराती नाहीत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, म्हणजे एनएचएसची, पानंही सोप्या इंग्रजीत आहेत. एखाद्या उपचाराचा उपयोग होतो की नाही यावरचे सगळे प्रयोग एकत्र तपासून निष्कर्ष काढणारी कोक्रेन ही संस्था आहे. तिचे सोप्या भाषेतले सारांश वाचता येतात. अशा दोन-तीन साइट ब्राउझरमध्ये खूण करून ठेवल्या, की निम्म्या वेळा सर्च इंजिनची गरजच पडणार नाही, आणि कोणतं चांगलं हा वादही उरणार नाही.

तुम्ही एकच नाव मागितलं आहे, आणि ते टाळलं तर माझं उत्तर अपुरं राहील. तुमच्या फोनवर डकडकगो राहू द्या. आजार, पैसा, कोणतीही घरगुती गोष्ट आधी तिथे शोधा. समाधान झालं नाही, किंवा मराठीत काहीच हाती लागलं नाही, तर तिथल्याच शोधपट्टीत तुमच्या शब्दांआधी उद्गारचिन्ह, त्याला चिकटून इंग्रजी जी हे अक्षर आणि मग एक जागा सोडा. तोच शोध गूगलवर उघडेल. फक्त त्या क्षणापासून तुम्ही गूगलच्या घरात असता, तेव्हा अकाउंटमधून बाहेर पडलेल्या स्थितीत जा. गूगलचे निकाल हवेत पण ओळख द्यायची नाही, असं असेल तर स्टार्टपेज. दुसरं, स्वतंत्र मत हवं असेल तर ब्रेव्ह. अशा वाटणीत तुमची लेकही बरोबर ठरते आणि पतीही.

इतर वाचकांची गरज वेगळी असू शकते. अभ्यासासाठी किंवा कामासाठी दिवसभर शोधणाऱ्याला, अकाउंट वेगळं ठेवलेलं असेल, तर गूगल सोयीचं पडेल. जाहिराती अजिबात नकोत आणि त्यासाठी दरमहा पैसे मोजायची तयारी असेल तर कागी नावाचं सशुल्क सर्च इंजिन आहे. कोणतंही निवडण्याआधी स्वतःची परीक्षा जरूर घ्या, पण ताईंनी घेतली तिच्यात थोडा बदल करून: ज्या विषयाचं उत्तर तुम्हाला आधीपासून पक्कं ठाऊक आहे, तुमच्या कामातलं किंवा छंदातलं, तेच विचारा. ठाऊक नसलेल्या प्रश्नावर सगळीच उत्तरं पटण्यासारखी वाटतात. ठाऊक असलेल्या प्रश्नावर कोण जुनी माहिती वर ठेवतं, कोण विक्रीची पानं पुढे करतं, कोण मूळ स्रोताकडे नेतं हे लगेच कळतं.

राहिली सासूबाईंची गोष्ट. सेटिंग बदलल्याने जाहिराती कमी होतील, पण एका घरात एक टॅब सगळ्यांच्या हाती असताना गुपित राहीलच अशी हमी कोणतंही सर्च इंजिन देऊ शकत नाही. औषधांच्या चकत्या, तपासणीच्या तारखा, फोनवरची बोलणी यांतूनही गोष्टी कळतात. त्यांनी एकदा विचारलं आहे, म्हणजे त्यांच्या मनात शंका आहे. आजार तुमच्या पतींचा आहे, तेव्हा आईला कधी आणि किती सांगायचं हे त्यांनाच विचारा, आणि ते हो म्हणाले तर सांगायला तुम्ही दोघं मिळून बसा. टॅबचं नवं अकाउंट त्याआधीच लावून घ्या, म्हणजे घाई राहणार नाही.